रात्री दालनातली हवा कोण सांभाळतं?

प्रति,
संग्रहालयं, अभिलेखागारं आणि जुने ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांस,

स.न.वि.वि.

दालनात वातानुकूलन बसवण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे आज ना उद्या येतोच. कधी देणगीदार तयार असतो, कधी अनुदान आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्ची घालायचं असतं, कधी नव्या प्रदर्शनाचं उद्घाटन तोंडावर आलेलं असतं. बैठकीत त्यावर दहा-पंधरा मिनिटं चर्चा होते, तीही बहुतेक दरांवर, आणि प्रस्ताव मंजूर होतो. मंजुरीआधी विचारायला हवेत असे काही प्रश्न मात्र राहून जातात, कारण ते विचारणाऱ्या माणसाला सहसा त्या बैठकीचं बोलावणं नसतं. संवर्धनाच्या कामात असल्यामुळे ते मी इथे जाहीरपणे मांडत आहे.

यंत्राला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो शेवटचा प्रेक्षक बाहेर पडला की यंत्र बंद करून कुलूप लावण्याच्या पद्धतीला. कार्यालयात हे चालतं. माणसं घरी गेल्यावर रिकाम्या खुर्च्यांना गार हवा कशाला? पण वस्तू चोवीस तास तिथेच असते. शिवाय तिला गारव्याशी फारसं देणंघेणं नाही. तिचा संबंध आहे तो हवेतल्या आर्द्रतेशी, आणि त्याहूनही जास्त त्या आर्द्रतेच्या चढउताराशी.

दिवसा यंत्र चालू, रात्री बंद, अशा दालनात आठवडाभर डेटालॉगर, म्हणजे तापमान-आर्द्रतेची आपोआप नोंद ठेवणारं छोटं यंत्र, ठेवून पाहा. आर्द्रतेची रेष रोज सकाळी खाली कोसळते, संध्याकाळी उसळते, आणि साप्ताहिक सुटीला वरच राहते. कागदावर करवतीचे दाते उमटल्यासारखा तो आलेख दिसतो. तीनशे वर्षं एका जाड भिंतींच्या खोलीत हळूहळू बदलणाऱ्या ऋतूंबरोबर राहिलेली वस्तू या दालनात आली की पूर्वी वर्षाकाठी एकदा सोसलेली उलथापालथ तिला रोज सोसावी लागते.

लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र घ्या. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्याबरोबर फुगतं आणि आक्रसतं. पण सगळीकडे सारखं नाही. रेषांच्या आडव्या दिशेत ते भरपूर हलतं, उभ्या दिशेत जवळपास हलतच नाही. त्यावरचा खडू-सरसाचा अस्तराचा थर आणि त्याच्या वरचा जुना, कडक झालेला रंग या हालचालीला साथ देऊ शकत नाहीत. फळी आक्रसली की रंगाला जागा पुरत नाही आणि तो मधूनच तंबूसारखा उचलला जातो. तिरप्या उजेडात पाहिलं तर नखाएवढे उंचवटे रांगेत दिसतात, सगळे लाकडाच्या रेषांना समांतर. यातला एखादा पोपडा साफसफाईच्या वेळी पडतो, केरात जातो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हस्तिदंतावरची लघुचित्रं, चर्मपत्रं, शिसवीत जडवकाम केलेल्या पेट्या, या सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

आता थोडं गणित. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते; हवा गार झाली की तिची ही क्षमता घटते. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २५ अंशांपेक्षा गार असलेल्या कशावरही ती पाणी सोडणार. आपल्या दालनातली काच, धातूची मूर्ती, बाहेरच्या भिंतीला टेकलेली चौकट दिवसभर २२ अंशांवर गारावलेली असते. संध्याकाळी यंत्र थांबलं आणि दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची हवा शिरली, की ओल धरते. ती आधी दिसणाऱ्या ठिकाणी धरत नाही. चौकटीच्या मागे, कपाटाच्या तळाशी, जिथे हवा खेळत नाही तिथे धरते. सकाळी यंत्र सुरू झालं की दोन तासांत दर्शनी भाग कोरडा, आणि दालनात आलेल्या पाहुण्याला सगळं कसं छान गार वाटतं.

गार केलं म्हणजे कोरडं झालं, हा समज तर फारच पसरलेला. २८ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा घेतली आणि तिच्यातलं पाणी तेवढंच ठेवून ती २० अंशांवर आणली, तर आर्द्रता ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. एसी हवेतलं पाणी काढतो हे खरं, पण तो तेवढं काढेलच याची हमी नाही. खोलीच्या मानाने एसी मोठा घेतला (मोठा घेतलेला बरा, असं म्हणून तो नेहमीच मोठा घेतला जातो) तर खोली झटपट ठरल्या तापमानाला येते, कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र यंत्रातल्या ओल्या कॉइलवरून (हवा गार करणाऱ्या नळ्यांवरून) वारा घालत राहतो आणि काढलेलं पाणी पुन्हा खोलीत सोडतो. खोली गार आणि दमट होते. बुरशीला याहून चांगलं काय हवं? आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागद, कातडं, कापड यांवर तिचा धोका सुरू होतो, आणि कोंदट जागी ती खोलीच्या मधल्या मापकाला कळायच्या आत सुरू होते.

हे कुणी आज शोधून काढलेलं नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमने आपल्या संग्रहाचा काही भाग लंडनच्या भुयारी रेल्वेत सुरक्षित म्हणून ठेवला. बॉम्बपासून तो वाचला, दमट हवेतून वाचला नाही. लोखंड गंजलं, ब्राँझवर हिरवे चट्टे आले, दगड-मातीच्या वस्तूंवर क्षार फुटले. त्या नुकसानीची चौकशी करता करता १९२० मध्ये तिथली संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने शहाणपणा केला. १९४१ मध्ये चित्रं वेल्समधल्या मॅनॉड इथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेली आणि तिथे हवा १७ अंशांच्या आसपास, ४२ टक्के आर्द्रतेवर स्थिर ठेवली. लंडनमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं पोपडे चिकटवण्याचं काम खाणीत जवळजवळ थांबलं. युद्ध संपलं, चित्रं लंडनला परतली, आणि पोपडे पुन्हा सुटू लागले. चित्रं तीच होती. बदलली होती ती हवा.

या अनुभवातून आकडे आले, आणि पुढे त्या आकड्यांचा मंत्र झाला: २० अंश, ५० टक्के, फरक पाचाचाच. निविदांमध्ये तो आजही जसाच्या तसा उतरवलेला दिसतो. गॅरी थॉमसन नॅशनल गॅलरीचे वैज्ञानिक सल्लागार होते; हा मंत्र ज्यांच्या नावावर खपवला जातो त्यांनीच १९७८ मध्ये लिहून ठेवलं आहे की, चार-पाच टक्क्यांची ही मर्यादा वस्तूला काय सोसवतं यावरून कमी, आणि यंत्राला काय जमतं यावरून जास्त ठरलेली आहे. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलं. २०१४ मध्ये जगातल्या मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने आणि आंतरराष्ट्रीय संवर्धक संस्थांनी बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान ही रुंद पट्टी मान्य केली. अट एवढीच की त्या पट्टीत चोवीस तासांतला आर्द्रतेचा फरक दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. युरोपचं २०१० चं मानक, ईएन १५७५७, तर आणखी वेगळ्या बाजूने विचार करतं. ते म्हणतं, वस्तू आजवर ज्या हवेत टिकली ती हवा आधी किमान वर्षभर मोजा आणि तिलाच आधार माना. कॅनडाचे संवर्धन-वैज्ञानिक स्टीफन मिखाल्स्की यांचा मुद्दाही याला जोडूनच आहे. वस्तूने आजवर जेवढा मोठा चढउतार सोसला आहे, त्याच्या आतल्या चढउतारांनी तिला नवे तडे जाण्याची शक्यता कमी.

याचा अर्थ सरसकट ढिलाई असा कुणी काढू नये. क्षार शिरलेल्या ब्राँझला ६० टक्के म्हणजे मरण आहे; त्याला ४० च्या खालीच ठेवावं लागतं. जुन्या ॲसिटेट फिल्मला आणि रंगीत छायाचित्रांना थंडी लागते. कागदाचं साधारण गणित असं, की तापमान पाच अंशांनी उतरवलं की त्याचं आयुष्य दुपटीच्या आसपास जातं. म्हणून अभिलेखागाराचं कोठार आणि प्रेक्षकांचं दालन यांना एकच आकडा लावणं चूक. आणि दोन्हींना एकच यंत्र लावणं तर त्याहून.

यंत्रणा बदलणं हीसुद्धा वस्तूसाठी एक मोठी घटना असते. फ्रान्समधल्या लास्को गुहेचं उदाहरण आपल्या मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ पासून लोकांना खुली झाली. काही वर्षांतच दिवसाला हजारावर माणसं आत जाऊ लागली. त्यांचा श्वास, त्यांच्या अंगची उष्णता, वर दिव्यांचा उजेड. भिंतींवर हिरवं शेवाळ चढलं, चुनखडीचा पांढरा थर येऊ लागला, आणि १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. इथवर पुष्कळांना माहीत असतं. पुढचं कमी सांगितलं जातं. गुहेची हवा सांभाळायला नंतर एक साधी यंत्रणा बसवली होती. हवेचा नैसर्गिक प्रवाह जिथून जातो तिथे एक थंड जागा, ओलावा तिथे जमायचा. ती पुष्कळ वर्षं चालली. मग ती काढून नवी, जोरदार पंख्यांची यंत्रणा आणली आणि २००१ मध्ये गुहेत पांढऱ्या बुरशीचा उद्रेक झाला. त्यावर चुनकळी, प्रतिजैविकं, जंतुनाशकं असे उपाय झाले, पुढे काळे डाग आले. दोष नेमका कशाचा यावर तज्ज्ञांत वाद आहे. मात्र सतरा हजार वर्षं टिकलेल्या जागेत पंखा बसवताना हात थरथरायला हवा, एवढं त्यावरून मला कळतं.

आता हवेच्या दुसऱ्या बाजूबद्दल, कारण आपल्या प्रस्तावांत ती बहुधा नसतेच. हवेत काय मिसळलेलं आहे?

बाहेरून येणारं प्रदूषण निदान लोकांना माहीत असतं. कोळशाच्या धुरात वेढलेल्या लंडनमध्ये १८५० साली नॅशनल गॅलरीच्या चित्रांचं काय करायचं या चौकशीत मायकेल फॅरेडे होता, आणि त्यातून चित्रांना पुढून काच आणि मागून पाठ लावण्याची शिफारस झाली. अगदी साधा उपाय, आणि अजून त्याच्या तोडीचा स्वस्त उपाय सापडलेला नाही. आज धूर कमी, वाहनं जास्त. नायट्रोजन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड कागदात आणि कातड्यात आम्ल तयार करतात. पुस्तकाच्या पुठ्ठ्याचं कातडं बोटाला लाल भुकटीसारखं लागतं, ते बरंचसं त्यामुळे. ओझोन रंग उडवतो, तेही अंधारात, आणि आपण सगळा दोष उजेडाला देऊन मोकळे होतो.

इथे एक सावधगिरी. हवा शुद्ध करणारी म्हणून विकली जाणारी काही यंत्रं, विशेषतः आयोनायझर आणि विद्युतभाराने धूळ ओढणारी, स्वतःच ओझोन सोडतात. घरात त्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. जलरंगांच्या दालनात ती नकोत. धुळीसाठी साधा तंतूंचा फिल्टर आणि वायूंसाठी सक्रिय कोळसा हे जुनंच समीकरण पुरेसं आहे, आणि तो कोळसा मुदत संपली की बदलावा लागतो, नाहीतर यंत्राच्या पोटात नुसती काळी पेटी उरते.

पण खरा घात प्रदर्शन-पेटीच्या आत होतो. एका संस्थेत नवीकोरी, घट्ट बसणाऱ्या काचेची पेटी केलेली पाहिली होती. आत एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा तळ, त्यावर ताजा रंग, कडांना सिलिकॉनचा भराव, आणि वर शिशाची पदकं मांडलेली. पेटी उघडली की किंचित आंबूस वास यायचा. काही महिन्यांत पदकांच्या कडांवर पिठासारखी पांढरी पूड धरली. ब्रशने उचलली की तिच्याबरोबर अक्षरांची धार निघून येत होती. चोरीपासून आणि धुळीपासून त्या पदकांचं उत्तम रक्षण झालेलं होतं. लाकडातून, एमडीएफमधून, काही सिलिकॉनमधून ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरचंच आम्ल सुटतं, आणि शिशाचा त्याच्यापुढे टिकाव लागत नाही. शंख-शिंपल्यांचाही लागत नाही. पेटी जितकी घट्ट, तितका बाहेरच्या हवेचा त्रास कमी आणि आतल्या हवेचा जास्त. चांदीखाली लोकरीचं बनातीचं अस्तर घातलं तर लोकरीतल्या गंधकाने चांदी काळवंडते. शोभिवंत दिसावं म्हणून घातलेल्या कापडाने केलेली ही करामत कित्येक ठिकाणी दिसते.

याची चाचणी आहे, आणि ती अवघड नाही. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत आजही त्यांच्या नावाने चालते. पेटीत वापरायच्या सामानाचा तुकडा बंद काचपात्रात घालायचा, सोबत चांदी, तांबं आणि शिसं यांच्या चकाकत्या पट्ट्या ठेवायच्या, थोडं पाणी, आणि ६० अंशांवर २८ दिवस थांबायचं. पट्ट्या डागाळल्या तर सामान बाद. अठ्ठावीस दिवस! उद्घाटनाची तारीख आधी छापून झालेली असली की हे अठ्ठावीस दिवस कधीच सापडत नाहीत. रंग लावल्यावर पेटी उघडी ठेवून तो पुरता वाळू देण्यासाठी लागणारे चारेक आठवडेही सापडत नाहीत. सुतार आपलं काम वेळेत संपवतो, त्याचा काही दोष नाही. तारीख आपण ठरवलेली असते.

प्रेक्षकांबद्दल थोडक्यात. स्वस्थ उभा असलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो आणि तासाला पन्नासेक ग्रॅम पाणी हवेत घालतो; शिवाय कपड्यांचे तंतू आणि पायांची धूळ. शंभर माणसांची गर्दी म्हणजे तासाला पाच लिटर पाणी. इटलीतल्या पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये चित्रकार जोत्तोची भित्तिचित्रं पाहायला जाणाऱ्या छोट्या गटाला आधी एका बंद दालनात पंधरा मिनिटं बसवतात, तिथली हवा ठीक झाली की मग आत सोडतात. लोक कुरकुरत नाहीत. उलट आपण कशासाठी थांबलो आहोत हे त्यांना त्या पंधरा मिनिटांत समजतं. गर्दीला हवेची किंमत असते, ती तिकिटांच्या हिशेबात धरली जात नाही इतकंच.

मग करायचं काय? यंत्राआधी मोजमाप. वर्षभर, सगळ्या ऋतूंत, दालनाच्या मध्यात नव्हे तर कपाटामागे, पेटीत, वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात. आणि ते मापकही मधूनमधून तपासून घ्यायला हवेत. न तपासलेला आर्द्रतामापक बिनदिक्कत दहा टक्के चुकीचं सांगतो. मोजमाप झालं की निम्म्या ठिकाणी कारण यंत्राचा अभाव नसून गळकं छप्पर, तुंबलेली पन्हळ, भिंतीच्या मुळाशी साचणारं पाणी हे असल्याचं दिसतं. तिथे एसी बसवणं म्हणजे ओल्या भिंतीतून पाणी ओढत राहण्याचा कायमचा ठेका घेणं.

त्यानंतर इमारत आणि पेट्या. कागद, लाकूड, सुती कापड स्वतःच ओलावा शोषतात आणि सोडतात. म्हणून बासनात बांधून पेटीत ठेवलेल्या पोथीपर्यंत खोलीतला चढउतार पुष्कळ मंदावून पोहोचतो. नीट बंद होणाऱ्या पेटीत योग्य आर्द्रतेला आणून ठेवलेली सिलिका जेल (ओलावा शोषणारे आणि सोडणारे दाणे) महिनोन्महिने काम करते, आणि वीज गेली तरी करते. डेन्मार्कमध्ये जाड, नीट बंदिस्त कोठारं बांधून तिथे तापमान ऋतूंबरोबर सावकाश बदलू देतात, यंत्र चालतं ते फक्त आर्द्रता उतरवायला. उष्ण-दमट प्रदेशांतल्या ऐतिहासिक इमारतींत गेटी कन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटने गारव्याचा नाद सोडून, बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच पंखे चालू करणारी आणि लागेल तेव्हा हवा किंचित तापवणारी व्यवस्था वापरून पाहिली आहे. बुरशी रोखायला ती पुरते, आणि तिचं वीजबिल मंडळाला झेपतं.

वीजबिलावरून सांगायचं म्हणजे, यंत्र देणगीतून येतं, चोवीस तासांचं वीजबिल देणगीतून येत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या विजेची, फिल्टरची, दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात दाखवता येत नसेल तर तो प्रस्ताव नामंजूर करावा. यंत्र बसवून फक्त दिवसा चालवण्यापेक्षा ते न बसवलेलं वस्तूंसाठी बरं. कठोर वाटेल, पण आलेखातली ती करवत ज्यांनी पाहिली आहे ते याला दुजोरा देतील.

आणि एक नाव ठरवा. पहाटे तीनला आर्द्रता ७५ वर गेली तर फोन कुणाला जाणार? पहारेकऱ्याला काय करायचं ते लिहून दिलेलं आहे का? यंत्राची किल्ली ज्या विद्युत विभागाकडे असते त्याला तापमान कळतं, वस्तू कळत नाही. क्युरेटरला वस्तू कळते, पण यंत्राच्या खोलीत जायची मुभा नसते. या दोघांना महिन्यातून एकदा आलेख समोर ठेवून एका टेबलाशी बसवणं, हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत गुणकारी उपाय आहे. मंडळाने तेवढा ठराव केला तरी पुरे.

वातानुकूलनाच्या निविदेला वेळ लागेल, लागू द्या. तिच्या आधी हवे असलेले डेटालॉगर किरकोळ खर्चातून घेता येतात, आणि बाराच्या बारा महिन्यांच्या नोंदी हव्या असल्याने ते या महिन्यातच बसलेले बरे. पहिल्या आठवड्याचा आलेख छापून पुढच्या बैठकीच्या कागदांना जोडावा, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक संवर्धक